पाच लेकुरवाळ्या

आमच्या मास्तरांनी मला माफ केलं तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. कशाबद्दल माफ केलं, ते मला ठाऊक नव्हतं.

ते शाळेतून अवेळी घरी आले. टोपी खुंटीला अडकवली, माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि चौथीच्या पोरांना धडा समजावून सांगावा तसे सावकाश म्हणाले, "शरयू, मी तुला क्षमा केली आहे. अगदी मनापासून. फक्त मला त्याचं नाव सांग."

"कोनाचं नाव?"

"ज्याच्यापासून तुला हा रोग झाला, त्याचं."

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी माझा हात उचलेना. मला वाटलं, यांना उन्हाची भोवळ आली असेल. पण ते शुद्धीवर होते. डोळे भरलेले, आवाज मऊ. नवरा रागावला तर बाई उलट बोलू शकते. असा मऊ मऊ बोलायला लागला तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दर बाजाराच्या दिवशी आमच्या अल्लीपूरला सरकारी दवाखान्याची मोटार यायची. शाळेमागच्या चिंचेखाली उभी राहायची. गेल्या महिन्यात मी तिथं गेले होते. घसा बसलेला, अंगावर तांबूस पुरळ, विंचरताना केसांचे पुंजके हातात येत होते. डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. त्यानं दंडातून रक्त काढलं आणि म्हणाला, तपासून येऊ दे, मग सांगतो. सांगितलं त्यानं, पण मला नाही. थेट शाळेत जाऊन मास्तरांना सांगितलं. म्हणे मास्तर शिकलेले आहेत, समजून घेतील. दुखणं माझं, रक्त माझं आणि खबर नवऱ्याला!

रोग होता गरमी, म्हणजे उपदंश. ज्याचं नाव आमच्याकडं बाया तोंडानं घेत नाहीत, तो.

डॉक्टरनं मास्तरांचंही रक्त घेतलं होतं, आणि आमच्या सुलूचंही. मला सांगितलं होतं की लहान पोरांची तपासणी चालली आहे. दोघांचं रक्त चांगलं निघालं, एकट्या माझं खराब. हा निकाल यायला पंधरा दिवस लागले, आणि ते पंधरा दिवस हा माणूस सगळं पोटात ठेवून माझ्या हातचं जेवत होता. माझ्याकडं बघत होता. वरण आणखी वाढू का म्हटलं तर हो म्हणत होता. हे कळलं तेव्हा रोगापेक्षा मला त्या पंधरा दिवसांचीच जास्त भीती वाटली.

"मी कोनापाशीच गेली नाई," मी म्हटलं.

"रक्त खोटं बोलत नाही, शरयू. आणि माझं तर व्रत आहे."

ते खरं होतं. सुलूच्या जन्मानंतर मास्तरांनी ब्रह्मचर्य घेतलं होतं. सेवाग्रामला कुठल्याशा शिबिराला गेले आणि तिकडून चरखा आणि व्रत दोन्ही घेऊन आले. चरखा मी चालवायची, व्रत ते. तेव्हापासून त्यांचं अंथरूण ओटीवर. म्हणजे मला रोग झाला तो त्यांच्याकडून नाही, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. मग कुणाकडून? मी स्वतःच विचार करू लागले आणि मला काही सापडेना. खरं सांगते, क्षणभर मला माझाच संशय आला. झोपेत, तापात काही झालं असेल का? शिकलेला माणूस इतक्या खात्रीनं सांगतो म्हटल्यावर आपलंच डोकं फिरतं.

"डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं पुरी होईपर्यंत मुलीला अंगावर पाजायचं नाही," मास्तर उठत म्हणाले. "तिलाही खबरदारी म्हणून एक टोचलंय. मी तिला हिंगणघाटला शकुंतलाताईकडं नेतो. तू नाव सांग, मी लगेच तिला परत आणतो. मी त्या माणसाला काही करणार नाही. मला फक्त सत्य पाहिजे."

"आन् नाव नसनच तर?"

"तर थांबू. सत्य कधी ना कधी ओठावर येतं."

सुलू तेव्हा अकरा महिन्यांची. पाळण्याची दोरी धरून उभी राहायला लागली होती. मी तिला छातीशी धरलं, ओरडले, शिव्या दिल्या, यांच्या बहिणीचाही उद्धार केला. त्यांनी माझी बोटं एक एक करून सोडवली आणि पोर उचलली. मोटारीच्या थांब्यापर्यंत मी मागं गेले. लोक बघत होते. मास्तर हात जोडून म्हणाले, "घरी जा शरयू, लोकांना तमाशा दाखवू नकोस." आणि मोटार गेली. माझं पोर मागच्या काचेतून हात हलवत होतं. तिला वाटलं असेल आत्याकडं मौज आहे.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास. सुलू परत आली पाहिजे, आणि येईल तेव्हा तिच्यासाठी दूध राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ मी मोरीत बसून दूध पिळून टाकायची. दूध दगडावरून वाहत जायचं आणि मी रडायची. शेजारची आनंदाबाई एकदा डोकावली. काही न विचारता परत गेली. तीही हल्ली डोक्यावरून घट्ट पदर घेऊन हिंडायची, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

बाजाराच्या दिवशी सुई घ्यायला गेले. औषध पांढरं, घट्ट. कमरेत शिरताना पाय लुळा पडतो की काय वाटायचं. पहिल्या सुईनंतर दिवसभर असा ताप भरला की दात वाजले. दुसऱ्या खेपेला गेले तर मोटारीमागच्या कनातीत रुखमा बसलेली.

रुखमा म्हणजे गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीतली. सरकी काढायच्या जिनात कापूस वेचायची, सरपण विकायची. तिची सहाच्या सहा पोरं जिवंत होती आणि त्याचा तिला कोण अभिमान! तिचा डोळा काळानिळा झालेला, ओठ फाटलेला.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"पुनाजीनं हानलं. मायं रगत खराब निंगालं ना बाई. मी सांगतलं, देवाची आन, मी कोठी गेली नाई. त्यानं काठी घेतली." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू काऊन आली?"

"त्याच्याचसाठी."

तिनं तोंडावर हात ठेवला. "मास्तरीनबाई, तू? तुले मास्तरानं मारलं?"

"माफ केलं."

"नशीबवान हायेस माय."

"मले काठी बरी वाटली असती, रुखमा."

ती हसली आणि ओठ दुखला म्हणून कळवळली. दोन बाया, दोघी खऱ्या आणि दोघींचं रक्त खोटं, हे मला पचेना. मी विचारलं, "तुले पयले काय झालं? पुरळ?"

"पुरळ मागून. पयले इथं फोड." तिनं पदराआडून डाव्या छातीवर बोट ठेवलं. "दुखत नव्हता, पन भरे नाई. हळद लावली, तेल लावलं. मंग गेला आपोआप."

मलाही तिथंच झाला होता. अगदी तिथंच, डावीकडं. मीही हळदच लावली होती. डॉक्टरला मी घसा दाखवला, पुरळ दाखवलं, केस दाखवले. छाती कशी दाखवणार? परका पुरुष, आणि फोड तर बरा झालेला. त्यानं विचारलं होतं, आधी कुठं जखम होती का? मी नाही म्हटलं. रुखमानंही नाही म्हटलं होतं. आम्ही दोघींनी लाजून झाकलं आणि तो बिचारा भलत्याच ठिकाणी कारण शोधत बसला.

"डावीकडं काऊन?" मी स्वतःशीच बोलले. आणि उत्तर आम्हा दोघींनाही एकदमच सापडलं.

डावी बाजू कचऱ्याची होती.

कचऱ्या म्हणजे रामाजी अडत्यांचा नातू. रामाजींचा कापसाच्या अडतीचा मोठा धंदा, गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांची सून माणिक हिची तीन पोरं गेली होती. एक पोटातच मेलेलं, दोन जन्मून महिन्याभरात गेलेली. चौथा जन्मला तेव्हा रामाजींच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, त्यांच्या माहेरची रीत काढली. ज्यांचं एकही पोर गेलेलं नाही आणि अंगावर दूध आहे, अशा पाच लेकुरवाळ्या आणायच्या आणि त्यांनी पाळीपाळीनं बाळाला पाजायचं. जगत्या पोरांच्या आयांचं दूध पोटात गेलं की मरणाची साखळी तुटते. बाळाला नजर लागू नये म्हणून नावही ठेवलं कचरू. वच्छलाबाईंनी जात बघितली नाही, पैसा बघितला नाही, फक्त जिवंत पोरं मोजली. मी, रुखमा, आनंदाबाई, तेल्याची यशोदा आणि कुंभाराची रामबाई. खणानारळानं आमच्या ओट्या भरल्या. अडत्यांच्या घरात आम्हाला पाटावर बसवून दूधसाखर दिली. तीन महिने आम्ही आळीपाळीनं गेलो. मला केवढा मान वाटला होता! मी उजवी बाजू सुलूची ठेवली आणि डावी कचऱ्याची. रुखमानंही तसंच केलं. कोणतीही आई आपल्या पोराचा वाटा वेगळाच ठेवते.

कचऱ्याचं नाक सदा चोंदलेलं. पाजताना घुसमटायचा. ओठांच्या कडांना चिरा पडलेल्या, तळव्यांची सालं निघायची. वच्छलाबाई म्हणायच्या, पोराले सर्दी हाय. आम्हीही म्हटलं सर्दी. त्या चिरांतून काय येत होतं, ते आम्हाला कुठलं कळायला?

मी कनात बाजूला सारून तशीच डॉक्टरपुढं उभी राहिले. लाजबीज कुठं गेली कोण जाणे.

"डॉक्टर, लेकराच्या तोंडातून पाजनारीले लागते का हा रोग?"

तो सुई उकळत होता. "कोणतं लेकरू?"

मी सांगितलं. फोड कुठं झाला, डावीकडंच का, पाचजणी कोण. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. मला वाटलं होतं, आमच्या अडाणीपणावर हसेल. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाकीच्या तिघींचं रक्त?" त्यानं विचारलं.

"घेतलंच नाई कोनं. आनंदाबाईचे केस गेले हायेत. पदर काढत नाई ती."

"आणि ते बाळ? ते आहे ना अजून?"

त्या 'अजून'चा अर्थ माझ्या काळजात शिरला. इतका वेळ मी फक्त माझं बघत होते. ते लेकरू मरायला टेकलेलं असू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळच्या आत आम्ही पाचहीजणी आणि डॉक्टर अडत्यांच्या दारात होतो. बाकीच्या तिघींना मी घराघरातून ओढून आणलं. यशोदा तर यायला तयार नव्हती. म्हणाली, "कोनी काही म्हनलं तं?" मी म्हटलं, "आता काय म्हनाचं रायलं?"

डॉक्टर समजुतीनं बोलला. बाळाचं रक्त बघायला हवं, आईचंही, आणि हरिभाऊंचं. हरिभाऊ म्हणजे रामाजींचा मुलगा, माणिकचा नवरा. कापसाच्या गाठी घेऊन नागपूर, हैदराबाद करायचा. तो गादीवर बसून पान लावत होता. मान वर केली नाही त्यानं.

वच्छलाबाईंनी सगळं ऐकलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि आमच्याकडं बोट करून असं काही बोलल्या की मी थिजलेच.

"म्हंजे तुमीच! तुमच्यातल्याच कोन्या रांडेनं मायाच नातवाले रोग देल्ला! मी जगत्या पोरायच्या माया म्हनून घरात घेतलं, पाटावर बसवलं, अन् तुमी दुधातून इख पाजलं माया लेकराले!"

ज्या बाईनं माझी ओटी भरली, माझ्या पायावर पाणी घातलं, ती बाई हे बोलत होती. रामबाई भिंतीला धरून खाली बसली. रुखमा मागं सरली. तिला घाई झाली होती पळायची, कारण दोष कुणाच्या माथी येणार हे तिला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. वच्छलाबाईंची नजर तिच्यावरच गेली होती. डॉक्टर म्हणत होता, असं नसतं बाई, उलट असतं. पण ऐकतं कोण? रामाजींनी हात वर केला. "डॉक्टरसाहेब, तुमी या आता. अन् ह्या बायायचं काय कराचं, ते आमी पाहू."

तेव्हा आतून माणिक आली. मी तिला तीन महिने बघितलं होतं, पण तिचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. कचऱ्या खांद्यावर. पोर इतकं वाळलेलं की त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पयल्या तिघायले कोनाचं दूध होतं?"

वच्छलाबाईंचं बोट खाली आलं.

"मायं होतं. एकाले तं तेही नाई भेटलं, पोटातच गेलं. तवा ह्या पाचजनी कोठी होत्या?" मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमी सांगता का मी सांगू?"

हरिभाऊनं पान खाली ठेवलं.

"यायनं मागच्या साली नागपूरले सुया घेतल्या," माणिक डॉक्टरला म्हणाली. "ह्याच, पांढऱ्या, घट्ट. मले सांगतलं, कंबर दुखते. आता याहीचं आंग चांगलं हाय. मले काई सांगतलं नाई. तवा मी पोटुशी होती, डॉक्टर. ह्याच्याच वक्ती." तिनं पोर पुढं केलं. "ह्याले टोचा पयले. जगनार का हा?"

मी हरिभाऊकडं बघतच राहिले. त्याला ठाऊक होतं! आजार काय, औषध काय, कुठं मिळतं, सगळं ठाऊक होतं. स्वतः बरा होऊन आला आणि बायकोला बाळंत होऊ दिलं. आमची रांग लागली पोराला पाजायला, तेव्हा हा ओसरीवरून बघत होता. आम्हाला नमस्कारसुद्धा केला होता त्यानं. पाच घरं, पंचवीस माणसं, आणि एक तोंड उघडलं असतं तर भागलं असतं. मी त्याला काय म्हटलं ते लिहिता येणार नाही. रामाजींसमोर म्हटलं, आणि रामाजींनी मला अडवलं नाही.

डॉक्टरनं त्याच पडवीत सुई उकळली. कचऱ्यात रडायचीही ताकद नव्हती, मांजरासारखं म्यावलं नुसतं. रक्ताचा निकाल आला तेव्हा कुणाला शंका उरली नव्हती. आनंदाबाई, यशोदा, रामबाई, माणिक, कचऱ्या, सगळ्यांचं खराब. पुनाजीचंही निघालं, त्याला रुखमाकडून लागलं होतं. डॉक्टरनं त्याला समजावलं. तो खाली मान घालून सुया घेऊन गेला. त्याच्या बायकोच्या ओठावर व्रण राहिला. कचऱ्या मात्र तगला. दोन-तीन सुयांनंतर नाक मोकळं झालं आणि पोर वाटीनं दूध प्यायला लागलं.

आमच्या मास्तरांना डॉक्टरनं परत शाळेतच गाठलं. या वेळी ते धावत आले. टोपी हातात, चेहरा उजळलेला.

"शरयू! तू निर्दोष आहेस! सिद्ध झालं!"

हे ते मला सांगत होते. मला!

"सुलू," मी म्हटलं.

"आत्ताच्या मोटारीनं जातो," म्हणाले आणि तसेच निघाले. मी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि दारात बसले. सकाळी मोरीत बसले तेव्हा दोन थेंब आले होते. त्याआधी दोन दिवस काहीच नाही. तापानं म्हणा, घोरानं म्हणा. पण आया म्हणतात, पोरानं ओढलं की दूध परत उतरतं. मी त्याच्यावर विसंबून होते.

सुलू आली. महिन्याभरात उंच झाल्यासारखी वाटली. मला भीती होती ओळखणार नाही, पण तिनं लांबूनच हात पसरले आणि मांडीवर येताच पदरात शिरली. सवयीनं उजवीकडं. ओढलं. थांबून माझ्याकडं बघितलं, पुन्हा ओढलं. मी दुसरी बाजू दिली. तिकडंही तेच. मग तिनं डोकं मागं टाकलं आणि असा हंबरडा फोडला की आनंदाबाई शेजारून धावत आली.

मास्तर समोर उभे होते, हसू अजून चेहऱ्यावर. "काय झालं? प्रवासानं दमली असेल."

"आटलं," मी म्हटलं.

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते हळूच खाली बसले, त्याच पाटावर, आणि हात जोडले. "शरयू, मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा..."

त्यांचे डोळे भरले होते. आवाज मऊ. मला त्यांची दया आली नाही, रागही आला नाही. मी कोण आहे, हे या माणसाला कळायला पाच बायांचं रक्त लागलं, एवढंच मनात होतं. आणि पोर रडत होतं.

"ते मंग सांगजा," मी म्हटलं. "पयले कोनाकडून गाईचं दूध घेऊन या. पोरगी भुकेली हाय."